बाल्कनीतला लोहगड: चार-पाच वर्षांच्या किल्लेदाराबरोबर दिवाळीचा किल्ला

दिवाळीच्या किल्ल्याची सुरुवात मुलासाठी होते. दुसऱ्या दिवशी बघावं तर बाबा कडे तासतायत, काका बुरूज चढवतायत, आजोबा "अरे, महादरवाजा इकडे नाही, तिकडे" म्हणून हुज्जत घालतायत आणि ज्याच्यासाठी सगळा घाट घातला ते चार वर्षांचं पोर "हात लावू नकोस, ओलं आहे" हे ऐकून कंटाळून आत कार्टून बघत बसलंय. हा लेख त्या पोराच्या बाजूने लिहिला आहे. किल्लेदार ते, आपण बिगारी. एवढी वाटणी मनापासून मान्य केली की किल्ल्याचं माप काय, माती किती आणि कोणत्या दिवशी काय करायचं हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

इथे सांगितलेली रीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि फ्लॅटच्या बाल्कनीसाठी आहे. अंगण असेल तर उत्तमच, माप मात्र वाढवू नका.

आधी किल्ला ठरवा

"एक किल्ला" करायला घेतला की तो मातीचा ढीग होतो. "लोहगड" करायला घेतला की त्याला आकार येतो, आणि मुलाला सांगायला गोष्ट मिळते. पहिल्या वर्षी मी डोळे झाकून लोहगडच सुचवेन. कारण त्याचा विंचूकाटा. गडाच्या एका बाजूने पुढे गेलेली ही लांब, चिंचोळी माची वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून हे नाव. लहान मुलाला विंचू म्हटलं की अर्धं काम झालं. दुसरं कारण दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात आणि त्यांच्यामधली वाट वळणं घेत वर चढते. ती वाट मूल आपल्या बोटाने मातीत रेखू शकतं. शिवाय गडावर लक्ष्मी कोठी आहे, महादेवाचं देऊळ आहे, सोळाकोनी टाकं आहे. म्हणजे वर काय मांडायचं हा प्रश्न उरत नाही.

राजगड मोहात पाडतो, पण तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला हा पसारा पाच वर्षांच्या हातांना झेपत नाही. तो दुसरी-तिसरीत गेल्यावर करा. प्रतापगड सोपा आहे. सिंधुदुर्ग करायचा असेल तर मोठ्या परातीत करा, कडेने पाणी, मधे बेट. महाराजांनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, हे सांगताना मूल परातीतल्या पाण्यात होडी सोडत असतं, आणि ते योग्यच आहे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हे चारही आहेत. त्यामुळे नकाशे आणि फोटो शोधायला त्रास पडणार नाही.

पुण्या-मुंबईकडचे असाल तर दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारी लोहगडावर जाऊनच या. मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावावरून लोहगडवाडीला पोचता येतं, गाडी असेल तर थेट वाडीपर्यंत. तिथून वर पायऱ्या आहेत. मूल चारपैकी दोन दरवाज्यांपर्यंत चालेल आणि पुढे खांद्यावर बसेल, पण दरवाज्यातून वळताना पलीकडचं काही दिसत नाही हे त्याला तिथे एकदा कळलं की घरी किल्ला करताना वाट वाकडी का हे समजवावं लागत नाही. विंचूकाट्याच्या बाजूला मात्र हात घट्ट धरा.

माप मुलाच्या हाताचं

किल्ला किती मोठा करायचा हे टेपने ठरवू नका. जागेवर मुलाला उकिडवं बसवा आणि हात पुढे करायला लावा. बोटं जिथवर टेकतात तिथवर किल्ल्याची रुंदी. चार वर्षांच्या मुलाचा हात साधारण दीड फूट पोचतो. दोन बाजूंनी बसता येत असेल तर रुंदी त्याच्या दुप्पट चालेल, भिंतीला टेकवून करणार असाल तर दीड फुटापुढे जाऊ नका. लांबी तीन फूट पुरते. उंची त्याच्या गुडघ्याच्या थोडी वर. यापेक्षा मोठा केला की मूल मधल्या भागात काही ठेवायला ओणवं होतं, तोल जातो, तळहात सरळ सदरेवर पडतो आणि मग रडारड. ती चूक मुलाची नसते, मापाची असते.

बाल्कनीत आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे वजन. पंधरा लिटरची बादली ओल्या मातीने भरली तर पंचवीस किलोच्या वर जाते. त्यामुळे किल्ला भरीव करायचाच नाही. आतून पोकळ सांगाडा, वरून मातीचा थर. दोन बादल्या मातीत लोहगड उभा राहतो.

साहित्य

पुठ्ठ्याची तीन-चार खोकी, एक-दोन जुन्या विटा, वर्तमानपत्रांची रद्दी, किराणा दुकानातून मागून आणलेली गोणपाटाची दोन पोती, रोपवाटिकेतून लाल माती आणि मिळाली तर थोडी काळी. खाली अंथरायला जाड प्लास्टिक, जे मोरीच्या बाजूला जरा उतरतं राहील असं टाका. लाकडाचा भुसा किंवा बारीक कापलेलं वाळलं गवत मूठ-दोन मूठ. गेरू, पांढरी रांगोळी, आइसक्रीमच्या काड्या, कागदी कप, दोन करवंट्या. पेरायला अळीव आणि मोहरी, स्वयंपाकघरातलीच. आणि मुलाच्या मुठीत मावेल असा पाणी फवारायचा छोटा पंप. हा विसरू नका, पुढे सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

चुना आणि सिमेंट आणू नका. दोन्हींनी लहान मुलांची कातडी भाजते आणि डोळ्यात गेलं तर फारच वाईट. थर्माकोलही नको, त्याचे कण आठवडाभर घरभर फिरतात. माती सोसायटीच्या बागेतून उचलू नका, तिथे मांजरांचा वावर असतो आणि आपला किल्लेदार हात धुवायच्या आधी डोळे चोळणार हे गृहीत धरायचं.

सांगाडा, म्हणजे बिगाऱ्याचं काम

वसुबारसेच्या साधारण आठ दिवस आधी सुरुवात करा. शनिवारची दुपार बरी, मुलाची झोप झाल्यानंतर.

मोठं खोकं उलटं ठेवून त्याच्या आत एक वीट ठेवा, म्हणजे ते हलणार नाही. हा गडाचा मुख्य भाग. त्याला लागून चपला-बुटांचं लांबट खोकं ठेवलं की विंचूकाटा तयार, पण तो मुख्य गडापेक्षा चार बोटं खाली हवा. मधल्या फटीत रद्दीचे बोळे कोंबा. हे बोळे करायचं काम मुलाचं. कागद चुरगळण्याचा आनंद या वयात इतका असतो की लागतील त्याच्या तिप्पट बोळे तयार होतात, बाबांचं आजचं वर्तमानपत्रही त्यात जातं. जाऊ दे. उरलेले बोळे पायथ्याशी टेकड्या करायला लागतातच. त्यातली एक जरा उंच करून तिला विसापूर म्हणा. खरा विसापूर लोहगडाच्या शेजारीच आहे, मधे फक्त गायमुख खिंड.

एक सांगून ठेवते. खोकं उलटं ठेवल्याबरोबर मूल त्याच्यावर बसणार. विरोध करू नका, उलट दहा मिनिटं बसू द्या, घोडा होऊ द्या, फोटो काढा. माती लागल्यावर बसण्यापेक्षा आत्ता बसलेलं कधीही चांगलं. वीट आत ठेवायची ती यासाठीसुद्धा.

गोणपाट आणि चिखल

रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी. जुने कपडे घाला, तेही सगळ्यांनी.

टबात लाल माती आणि पाणी कालवून राबडी करा. दगड आणि काड्या मुलाला वेचू द्या, बारीक बोटांना ते छान जमतं. राबडी किती दाट हवी? बोट बुडवून बाहेर काढलं की बोटाची कातडी दिसता कामा नये. दिसली तर माती वाढवा, राबडी ठिपकण्याऐवजी गोळ्याने पडायला लागली तर पाणी. मग पोती उसवून त्यांचे मोठे तुकडे करा, राबडीत बुडवा, जरा निथळू द्या आणि सांगाड्यावर पांघरा. चुण्या पडतील त्या तशाच राहू द्या, त्याच पुढे कडे आणि घळी दिसतात. गोणपाट घट्ट ताणून गुळगुळीत करण्याचा मोह मोठ्या माणसांना होतो. सह्याद्री गुळगुळीत नाही.

पांघरलेल्या पोत्यावर दोन्ही तळहातांनी थापटणं हे मुलाचं काम. इथे शिंतोडे उडतात, भिंतीवरही जातात. भिंतीला आधीच जुनी चादर लावलेली असेल तर तुमचा आवाज चढणार नाही.

हे झालं की दिवसभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी वरचा थर द्यायचा, त्याची माती वेगळी: दोन वाट्या लाल माती, एक वाटी काळी, मूठभर भुसा, आणि थालीपिठाच्या पिठाइतकी सैलसर मळलेली. भुसा घातला की भेगा कमी पडतात. काळी माती चिकटपणा देते, पण नुसती काळी वापरली तर वाळताना ती फार आक्रसते आणि किल्ला तडकतो. हा थर अर्ध्या बोटाइतकाच लावा. दुपारच्या कडक उन्हात वाळवू नका, वरून ओलं फडकं टाका. तरी भेगा पडल्याच तर मुलाला ओल्या बोटाने बुजवायला सांगा आणि त्याला गडाची डागडुजी म्हणा. "डागडुजी करायची आहे" म्हटलं की आमची लेक जेवण अर्धवट टाकून उठते, म्हणून हा शब्द आता जेवणानंतरच उच्चारायचा असं घरात ठरलं आहे.

बुरूज, तट, वाट

हा किल्ल्याचा सगळ्यात रसाळ भाग, आणि इथे बिगाऱ्याने हात पाठीमागे बांधून बसावं.

बुरूज कागदी कपात होतात. कपाला आतून कोरडी रेती किंवा कोरडी माती फासा, मग मळलेली माती दाबून भरा, कप उलटा करून बुडावर दोन टिचक्या मारा. बुरूज बाहेर. पहिला तुटतो, दुसरा वाकतो, तिसऱ्यानंतर मूल तुमच्याकडे बघेनासं होतं. तटासाठी मातीच्या लांब वळकट्या करून कडेकडेने चिकटवा आणि आतल्या बाजूने बोटाने दाबा. वरच्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, काढायला आइसक्रीमची काडी: सारख्या अंतरावर टोक दाबत जायचं. जंग्यांसाठी, म्हणजे तटातल्या तिरक्या भोकांसाठी, तिचीच मोडलेली बाजू तटात खुपसून काढायची. आत उभ्या असलेल्या मावळ्याला जंगीतून बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला तो दिसत नाही, हे सांगा आणि मग तासभर घरातल्या प्रत्येक दाराच्या फटीतून एक डोळा तुमच्यावर रोखलेला असेल याची तयारी ठेवा.

दरवाज्यांसाठी दोन छोटे बुरूज जवळजवळ, मधून वाट. वाट मुलाने तर्जनीने ओढायची, खालपासून वर, चारही दरवाज्यांमधून. ओली असतानाच तिच्यावर काड्यांचे तुकडे आडवे दाबले की पायऱ्या होतात. वाळल्यावर कडेने पांढऱ्या रांगोळीची रेघ आणि तटाला गेरूचा हात. रांगोळीची रेघ वाकडी येणार. ती पुसून सरळ काढू नका. पाहुणे सरळ रेघ बघायला येत नाहीत, आणि आले तरी किल्लेदाराला स्वतःची रेघ ओळखता येते.

टाक्यांच्या जागी करवंट्या तोंडापर्यंत मातीत पुरा. पाणी खरं घाला. यातलं पाणी दर पंधरा मिनिटांनी संपलंय असं वाटून भरलं जाईल, आणि ते पाणी ओघळून वाटेवर येईल. म्हणून करवंटीच्या उताराकडच्या काठाला मातीचा छोटा बांध घाला आणि टाकं भरायला तांब्या देऊ नका, चमचा द्या. चमच्याने टाकं भरायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात तुमच्या चकल्या तळून होतात.

पेरणी

पेरणीची वेळ चुकली की किल्ला टकला राहतो, म्हणून इथे कॅलेंडर बघा. अळीव दोन-तीन दिवसांत फुटतं, चार-पाच दिवसांत हिरवं दिसतं आणि दहा-बारा दिवसांनी मान टाकायला लागतं. मोहरीला एखादा दिवस जास्त लागतो. म्हणजे वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरलं की नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत गड हिरवागार. गहू मी छोट्या किल्ल्यावर पेरत नाही. तो भराभर वाढून मावळ्यांच्या डोक्यावरून जातो.

अळीव भिजलं की बुळबुळीत आणि चिकट होतं, त्यामुळे उभ्या उतारावरही धरून राहतं. उताराला अळीव, पायथ्याच्या सपाटीला मोहरी. आधी जमीन फवारून ओली करा, बी चिमटीने भुरभुरा, वरून चाळलेल्या मातीचा अगदी पातळ हात फिरवा आणि पहिले दोन दिवस ओलं वर्तमानपत्र झाका. नंतर सकाळ-संध्याकाळ फवारा. पंप मुलाच्या हातात, आणि फवारे मोजूनच: प्रत्येक बाजूला दहा. मोजता येतं हे दाखवण्याच्या नादात पाणी बेताचंच पडतं.

आता खरी अडचण. बी पेरल्यावर तासाभराने मूल उकरून बघतं. आलं का? नाही. परत पुरतं. अर्ध्या तासाने परत. "धीर धर" हे चार वर्षांच्या माणसाला सांगून उपयोग नसतो. त्याऐवजी एका बशीत ओला कापूस ठेवून त्यावर चिमूटभर अळीव टाका आणि ती बशी मुलाला देऊन टाका. ही बशी केव्हाही बघायची, उचलायची, भिंगाने न्याहाळायची, आजीला दाखवायला न्यायची. किल्ल्यावरचं बी त्यामुळे वाचतं, आणि मोड कसा फुटतो, आधी मूळ खाली जातं की पान वर येतं, हे मुलाला डोळ्यांसमोर दिसतं.

शहरात कबुतरं पेरलेली मोहरी टिपून जातात. दिवसा जुनी ओढणी कठड्यापासून तिरपी बांधून झाका. परतीचा पाऊस आला तर त्याच दोरीवर प्लास्टिक टाका.

मावळे, आणि डायनासोर

मातीची चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, कुंभारवाड्यात किंवा दिवाळीच्या आधी रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांकडे मिळतात. मुलाला बरोबर न्या आणि निवड त्याला करू द्या. तुम्ही फक्त एवढं बघा की सिंहासनावरचे महाराज आणि मावळे मापाने एकमेकांना साजेसे आहेत, आणि रंग हाताला लागत नाही. वाघ, गवळण, भाजीवाली, पाणी भरणारी बाई हीसुद्धा घ्या. गडावर माणसं राहायची, संसार करायची. नुसते भालदार मांडले तर मुलाला खेळायला काही उरत नाही.

मांडणी पूर्णपणे किल्लेदाराची. आमच्याकडे एका वर्षी सगळे मावळे भिंतीकडे तोंड करून एका रांगेत उभे होते. विचारलं तर कळलं, राज्य घेतलंय, महाराज लपलेत. तसेच राहिले. हात तुटलेल्या मावळ्याला चिकटपट्टीचं बँडेज लागतं. रात्री त्यांना थंडी वाजते म्हणून हातरुमाल पांघरले जातात. आणि कुठल्या ना कुठल्या दिवशी बालेकिल्ल्यावर प्लास्टिकचा हिरवा डायनासोर येऊन उभा राहतो. आजोबांना ते खटकलं तर त्यांच्या भावनेचाही मान ठेवा: पायथ्याशी, मोहरीच्या हिरवळीत, डायनासोरसाठी रान राखून ठेवा आणि मुलाला सांगा की महाराजांच्या सदरेवर बोलावल्याशिवाय कोणी जात नाही. हा नियम मुलं आश्चर्य वाटावं इतक्या गांभीर्याने पाळतात.

प्रश्नही येतील. त्यातला हमखास येणारा म्हणजे "महाराज शी कुठे करायचे?" हसून उडवून लावू नका, प्रश्न चांगला आहे. गडांवर दगडी शौचकूप बांधलेले असत. रायगडावर राणीवशाच्या बाजूला ते आजही बघायला मिळतात. हे सांगितलं की लगेच आपल्या लोहगडावरही शौचकूप बांधला जातो, बहुधा मुख्य दरवाज्यात. जागा बदलायला सुचवा, पण बांधू द्या.

भगवा उदबत्तीच्या काडीला कापडाचा तिकोनी तुकडा चिकटवून होतो. पाटी मुलाने लिहायची, "लोहगड" मधला "ह" उलटा आला तरी.

दिवे आणि पाहुणे

गोणपाट आणि वाळलं गवत पटकन पेटतं. पणत्या किल्ल्याच्या बाहेर, हातभर अंतरावर, जमिनीवर. वरती उजेड हवा असेल तर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या दिव्यांची माळ लावा. विजेच्या प्लगवरची माळ नको, तिथे दिवसभर पाणी फवारलं जातंय. फटाका किल्ल्यात लावू द्यायचा नाही.

भाऊबीजेला घर भरलं की किल्ला दाखवायचं काम मुलाचं. तेव्हा आपण गप्प बसावं. गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा हे क्रमाने येईल किंवा हनुमान आधी येईल, कोणीतरी आत्या "किती गोड" म्हणेल आणि मूल चिडून सांगेल, "गोड नाही, अवघड आहे." पुढच्या पाहुण्याला बाल्कनीत न्यायच्या आधी हे सांगून ठेवा.

आवरताना

तुळशीच्या लग्नापर्यंत अळीव पिवळं पडलेलं असतं. मूल झोपलेलं असताना किल्ला मोडू नका, उठल्यावर मोकळी बाल्कनी दिसली की फार जीवाला लागतं. दोन दिवस आधी सांगा आणि मोडायचा मान किल्लेदारालाच द्या. काही मुलं आनंदाने उड्या मारून मोडतात, काहींना रडू येतं. रडणाऱ्याला एक बुरूज जपून ठेवायला द्या, खिडकीत राहील महिनाभर.

माती गोळ्यांसकट कुंड्यांमध्ये घाला, अळिवाची मुळं तिच्यात कुजून जातात. गोणपाट झटकून, धुऊन कडकडीत वाळवा, पुढच्या वर्षी तेच वापरता येतं. भिजलेला पुठ्ठा ओल्या कचऱ्यात. मावळे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भरा आणि डब्यावर यादी चिकटवा, बँडेजवाला कोणता हेही लिहून. डबा माळ्यावर टाकण्याआधी उघडून मोजा, कारण त्यातला एकजण बहुतेक वेळा कोणाच्या तरी उशीखाली असतो.